प्रतिसाद: अनंताची पानं पिवळी – खत नको, आधी पाणी तपासा

कुंडीतल्या अनंताची पानं पिवळी पडली, वाढ थांबली, शेणखत आणि एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) घालूनही फरक नाही, असा प्रश्न आलाय. पिवळी कुठली पानं, शेंड्याची की खालची? खालची पिवळी असतील तर नत्र किंवा मॅग्नेशियम कमी. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाहीये, तिथे एप्सम सॉल्टचा उपयोग शून्य.

बोअरच्या जड (क्षारयुक्त) पाण्याने माती अल्कधर्मी होते. लोह मातीत असतं, पण मुळांना घेता येत नाही. कुंडीच्या काठावर पांढरा थर आहे का बघा. अंड्याची टरफलं (म्हणजे चुनाच) घालत असाल तर आजच बंद करा (हा सल्ला कोण पसरवतं कोण जाणे!).

अशा मातीत हिराकस (फेरस सल्फेट) किंवा ईडीटीए लोह (चिलेटेड लोहाचा एक प्रकार) फार टिकत नाही. ईडीडीएचए लोह (अल्कधर्मी मातीतही टिकणारं चिलेटेड लोह) घ्या: १२ इंची कुंडीला १ ग्रॅम, लिटरभर पाण्यात, संध्याकाळी, ओल्या मातीत. २-३ आठवड्यांत नवी पालवी हिरवी यायला हवी. जुनी पानं पूर्ण सुधारतीलच असं नाही. नवी पालवी हिरवी नाही आली तर कुंडी उपडी करून मुळं बघा. तपकिरी, मऊ, वास येणारी असतील तर दोष निचऱ्याचा.