साथीत मजुरी बंद पडली तर आधी काय विकावं?

प्रश्न: बाहेरून येणारे पैसे थांबले, मजुरीही नाही. पाच माणसांच्या घराने जनावर विकावं की कर्ज काढावं?

प्रतिसाद १: आधी धान्य मोजा. माणशी रोज ४०० ग्रॅम धरलं तर पाच जणांना महिन्याला ६० किलो लागतं. पुढच्या सुगीपर्यंत जेवढी तूट येते, तेवढ्यापुरतंच विका. पहिले बोकड, भाकड जनावरं. दुभतं आणि बैल अगदी शेवटी. पण ठरलं की लगेच विका. सगळं गाव एकदम विकायला काढतं तेव्हा भाव कोसळतो.

प्रतिसाद २: बियाण्याचं पोतं वेगळं बांधून ठेवा, ते खाण्याच्या हिशेबात धरूच नका. कर्जाचं म्हणाल तर दरमहा शेकडा ५ ऐकायला किरकोळ वाटतं. वर्षाला ६० टक्के होतात, चक्रवाढीने जवळपास ८०. पोटासाठी असं कर्ज काढण्यापेक्षा शेळी गेलेली परवडली.

प्रतिसाद ३: शेळीबद्दल सहमत. उसनवारीवर मात्र विसंबू नका. एरवी एका घरावर संकट येतं, शेजारी तारून नेतात. साथीत सगळ्यांचीच आवक एकदम आटते. आणि दवाखान्यापुरती रोकड बाजूला हवी, बाजार बंद असताना जनावराचे पैसे होत नाहीत.