म्हाताऱ्या बंड्यासाठी मदत हवी आहे (मुलुंड)

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही एक कुत्रा घरी आणला. वय साधारण दहा-अकरा. एका गोदामाच्या मागे वर्षानुवर्षं साखळीला बांधलेला होता, गळ्याभोवतीचे केस पार झिजलेत. मालक म्हणाला, "घेऊन जा, आता भुंकतही नाही." असो, त्या माणसाबद्दल लिहीत बसले तर शिव्याच येतील.

डॉक्टरांना दाखवलं. गोचीड ताप निघाला, डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक २८ दिवसांचं आहे, ते रोज पोळी-दुधाऐवजी भात-चिकनमध्ये लपवून देते. मागच्या पायांचे सांधे आखडलेत. त्यावर माणसांची आयब्युप्रोफेन वगैरे दुखण्यावरची औषधं अजिबात द्यायची नाहीत, हे मात्र बजावून सांगितलंय.

अडचण अशी, की बंड्या घरात येतच नाही. दाराच्या पायपुसण्यावर बसतो, साखळी जेवढी लांब होती तेवढंच जणू त्याचं जग. टाइल्सवर पाय घसरतात म्हणून जुनी योगा मॅट कापून पसरली, तर परवा पहिल्यांदा दोन पावलं आत आला, आईच्या साडीचा वास घेतला आणि परत पायपुसण्यावर!

रात्री दोन-तीनला उठून फेऱ्या मारतो, हे दुखण्यामुळे की म्हातारपणामुळे? आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, वजन २४ किलो. पोटाखालून घ्यायचा पट्टा कुणी वापरलाय का? ठाणे-मुलुंडकडे घरी येऊन बघणारे प्राण्यांचे डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा.