अणुबॉम्ब ‘पडला’ की ‘टाकला’?

बाळीवेस: आमच्या सोलापूरच्या शाळेत हिरोशिमा दिनाच्या फलकासाठी नववीतल्या मुलीने लिहिलं, ‘६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठ वाजता हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला.’ मी ‘पडला’ खोडून ‘अमेरिकेने टाकला’ केलं. आमच्या एका बाईंनी ते पुन्हा ‘पडला’ केलं. म्हणाल्या, बोलताना बॉम्ब पडतोच, आणि शाळेत कुठल्या देशाचं नाव कशाला? मला हे अजिबात पटत नाही. गारा पडतात, वीज पडते. इथे विमान होतं, वैमानिक होता, आदेशावर सही होती. जाणकारांनी सांगावं. शिवाय अण्वस्त्रांचा ‘वापर’ म्हणणंही मला खटकतं.

साखरपेठ: सर, व्याकरणाने चूक काहीच नाही. गावावर दरोडा पडला, दुकानावर धाड पडली, असंच म्हणतो आपण. म्हणून दरोडेखोर सुटतो का? चालती भाषा अशी अडवू नये.

बाळीवेस: ‘दरोडा’ म्हटलं की दरोडेखोर आलाच. बॉम्बचं तसं नाही. वर्गात विचारलं, कोणी टाकला? दोन-तीन हात वर आले आणि उत्तर आलं, ‘हिटलरने’. म्हणून मी हट्टाला पेटलोय.

अशोकचौक: आमच्या घरी तेलुगू. आजी ‘बांबु वेशारु’ म्हणायची, म्हणजे ‘त्यांनी टाकला’. पण ‘पडिंदि’सुद्धा म्हणतातच की ओ.

जुनीमिल: वडील मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर होते. ‘भोंगा झाला’ म्हणायचे आणि डबा उचलायचे. वाजवला कोणी, हे कोणी विचारत नसे. हिरोशिमात त्या सकाळीही भोंगा झाला होता. ७ वाजून ९ मिनिटांनी धोक्याचा, ७ वाजून ३१ मिनिटांनी धोका टळल्याचा. लोक निर्धास्त होऊन कामाला लागले. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे केले जात होते, त्या कामावर शाळेची बारा-तेरा वर्षांची हजारो मुलं होती. एका मुलाचा डबा तिथल्या संग्रहालयात ठेवलाय, आतल्या भाताचा कोळसा झालेला. त्या पोरांच्या बाजूने बघितलं तर बॉम्ब पडलाच, दुसरं क्रियापद त्यांच्याजवळ नव्हतं. ‘पडला’ म्हणायचा हक्क खाली असलेल्यांचा. वर असलेल्यांनी तो घेऊ नये.

जुळेसोलापूर: नेमकं वर असलेल्यांनीच तो घेतला. २०१६ मध्ये ओबामा हिरोशिमाला गेले तेव्हा भाषणाच्या सुरुवातीलाच म्हणाले, आकाशातून मृत्यू पडला. कोणी पाडला, ते वाक्यात नाही. आणि गंमत नाही, गंभीरपणे सांगतो, तिथल्या स्मारकावरची ओळही तशीच आहे: शांतपणे झोपा, ती चूक पुन्हा होणार नाही. जपानीत कर्ता गाळता येतो, तो गाळलाय. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकिओ खटल्यात सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारे आपले न्यायमूर्ती राधाबिनोद पाल १९५२ मध्ये ती ओळ पाहून संतापले होते. चूक कोणाची, हा त्यांचा सवाल होता.

साखरपेठ: मग जपानने चीनमध्ये काय केलं तेही फलकावर लिहा. १९३७ चं नानजिंगचं हत्याकांड लिहा. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये कोणाच्या गोळ्यांनी जखमी झालेल्यांवर उपचार करायला गेले? १९४२ मध्ये तिकडेच वारले, वय ३२. युद्ध लांबलं असतं, नोव्हेंबरासाठी ठरलेली अमेरिकेची जपानवरची चढाई झाली असती, तर दोन्हीकडची किती माणसं गेली असती? ‘अमेरिकेने टाकला’ एवढंच लिहिणं म्हणजे अर्धी गोष्ट.

बाळीवेस: जरूर लिहू. पण जपानी सैन्याचं पाप डबा घेऊन निघालेल्या मुलाकडून वसूल करणार का? कोटणीसांच्या गावात हा हिशेब मांडू नये, असं मला मनापासून वाटतं. आणि टाकणाऱ्यांपुढे निवड नव्हती असं नाही. अमेरिकेचे युद्धमंत्री स्टिमसन यांनी क्योटोचं नाव लक्ष्यांच्या यादीतून काढायला लावलं. ९ ऑगस्टच्या दुसऱ्या बॉम्बचं पहिलं लक्ष्य कोकुरा होतं. तिथे खालचं नीट दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळलं. एक शहर वगळलं, एक हुकलं, एक गेलं. याला ‘पडला’ म्हणायचं?

कन्नाचौक: ‘वापर’ राहून गेला. आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे १९९६ मध्ये प्रश्न होता तो अण्वस्त्रांची ‘धमकी किंवा वापर’ असाच. सर्वसाधारणपणे युद्धाच्या कायद्याविरुद्ध, असं मत दिलं. पण राष्ट्राचं अस्तित्वच पणाला लागलं तर काय, यावर ठाम उत्तर देता आलं नाही. भारताचं २००३ चं अण्वस्त्र धोरणही ‘प्रथम वापर नाही’ असंच छापतात. त्यापेक्षा ‘प्रयोग’ घ्या. अस्त्राचा प्रयोगच होतो, हे शुद्ध आहे.

जुळेसोलापूर: नको. मराठीत प्रयोग म्हटलं की प्रयोगशाळा. परिणाम स्पष्ट दिसावा म्हणून हिरोशिमासह काही शहरं आधीच्या बॉम्बहल्ल्यांतून राखून ठेवली होती. ‘प्रयोग’ लिहिलंत तर अंगावर काटा येईल.

नवीपेठ: मग तोच लिहा! आणि ‘अस्त्र’ शब्दाचा मूळ संस्कार विसरू नका. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता आलं, आवरता आलं नाही. त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवलं. हिरोशिमात पोटात असलेली काही मुलं लहान डोक्याची जन्मली. आपल्याकडे या पापाला नाव आधीपासून आहे.

अशोकचौक: फलकावर खाली ‘हुतात्म्यांना श्रद्धांजली’ लिहिलंय का सर? ते आधी काढा. चार हुतात्म्यांच्या गावात तरी तो शब्द असा खर्चू नये. १२ जानेवारी १९३१ ला जे फासावर गेले त्यांनी स्वतःला वाहिलं होतं. त्या मुलांना कोणी विचारलं होतं?

साखरपेठ: ‘बळी’ लिहा.

अशोकचौक: बळी देवाला देतात. इथे देव कोणता?

कन्नाचौक: आणि जे वाचले त्यांना काय म्हणायचं? जपानीत हिबाकुशा. त्यांच्या संघटनेला २०२४ चा शांततेचा नोबेल मिळाला तेव्हा मराठीत कुठे ‘पीडित’, कुठे ‘वाचलेले’. मला दोन्ही लंगडे वाटतात.

जुनीमिल: आपल्या जिल्ह्यात शब्द आहे, विचारायची गरज काय? उजनीचे ‘धरणग्रस्त’ आहेत ना, तसे ‘अणुबॉम्बग्रस्त’.

नवीपेठ: ‘अणुग्रस्त’ पुरे. सुटसुटीत.

जुनीमिल: ‘बॉम्ब’ काढू नका. अणूने कोणाला ग्रासलं नाही. आणि आमच्याकडे धरणग्रस्ताचा दाखला असतो, तसं जपानमध्ये १९५७ च्या कायद्यापासून हिबाकुशांना उपचाराची पुस्तिका मिळते.

नवीपेठ: दाखला मुलांच्याही कामी येतो. पुस्तिका येते का?

जुनीमिल: पोटात होतं त्या मुलाला मिळते. नंतर पोटी राहिलेल्याला नाही. त्याला काय म्हणायचं ते सांगा.