शब्दचर्चा : 'तोंड पाहणे', 'अबोला' आणि याकोबाचं घराणं

वसईचा वाचक

नमस्कार मंडळी. बायबलच्या पहिल्या पुस्तकातल्या, 'उत्पत्ती'तल्या, याकोबाच्या घराण्याच्या गोष्टी मी सातवी-आठवीच्या मुलांसाठी मराठीत लिहून काढतोय. भांडणाला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. भाऊबंदकी, हेवादावा, दुस्वास, वैर, काय हवं ते घ्या. अडतंय ते भांडण मिटतं तिथे. एसाव आणि याकोब हे जुळे भाऊ वीस वर्षांनी भेटतात, त्या भेटीला काय म्हणावं? 'मनोमीलन' पुढाऱ्यांच्या बातम्यांत वाचून वाचून गुळगुळीत झालाय. 'समेट' म्हटलं की अटी-शर्ती आणि मध्यस्थ आले. 'दिलजमाई' मला आवडतो, पण भेटीनंतर दोघं एकत्र राहत नाहीत. एसाव सेईरला परत जातो. याकोब 'मी मागाहून येतो' म्हणतो आणि सुक्कोथला जाऊन घर बांधतो. मग दिलजमाई म्हणावं का?

अनुस्वार

दादा, नाम शोधूच नका. मूळ हिब्रूतही त्या जागी नाम नाही. एसाव धावला, त्याने कवटाळलं, मानेवर पडला, चुंबन घेतलं, दोघं रडले. सगळी क्रियापदं. मराठीत तीच ओळीने ठेवा, मुलांना समेटाचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही. फक्त 'गळ्यात पडला' टाळा. आपल्याकडे नको असलेलं काम गळ्यात पडतं. 'गळ्याला मिठी घातली' हे सरळ आहे.

'भाऊबंदकी' मात्र जरूर वापरा. हा शब्द नुसत्या भांडणाचा नाही, वाटणीच्या भांडणाचा आहे, आणि इथे मुद्दा वाटणीचाच आहे. ज्येष्ठ मुलाला दुप्पट वाटा, असं पुढे बायबलमधल्याच 'अनुवाद' ग्रंथाच्या २१ व्या अध्यायात स्पष्ट येतं. तो जेठेपणाचा हक्क एसावाने याकोबाला मसुराच्या कालवणावर विकला. त्याचं तिथलं बोलणं नीट ऐका. रानातून दमून आलेला माणूस, त्याला कालवणाचं नावसुद्धा घ्यायला दम नाही. 'हाअदोम हाअदोम हाझे', म्हणजे 'ते तांबडं, ते तांबडं दे'. मुलांसाठी लिहिताना 'लाल रंगाचे वरण' असं काही कृपया करू नका. 'ते तांबडं घाल मला, ते तांबडं' एवढंच पुरे. त्यावरूनच त्याचं नाव अदोम, म्हणजे तांबडा, पडलं असं ग्रंथ सांगतो.

खाडीकाठ

अनुस्वारताईंचं पटलं, पण मला वाटतं नेमका वाक्प्रचार आपल्या घरातच आहे. बांधावरून बिनसलेले दोन भाऊ काय म्हणतात? 'त्याचं तोंड पाहणार नाही.' आता 'उत्पत्ती'चा ३२ वा अध्याय घ्या. एसाव ४०० माणसं घेऊन येतोय असा निरोप येतो, याकोबाची पाचावर धारण बसते, आणि तो भेट पुढे पाठवतो : २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, ३० दुभत्या सांडणी पिलांसह, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवं. कळप एकदम नाही पाठवले, मधे मधे अंतर ठेवून पाठवले, म्हणजे भावाचा राग एकेका कळपागणिक थोडा थोडा उतरावा. आणि मनात काय म्हणतो? 'अखाप्रा फानाव', त्याचं तोंड झाकीन, म्हणजे त्याला शांत करीन. मग त्याचं तोंड पाहीन. कदाचित तो माझं तोंड वर उचलील. 'माझ्यापुढे जाणारी भेट' यातल्या 'पुढे'मध्येही तोच शब्द आहे, 'पानीम', म्हणजे तोंड. एका वाक्यात चार वेळा. त्याच रात्री यब्बोक नदीच्या काठी एका अनोळखी पुरुषाशी त्याची झोंबी होते आणि त्या जागेला नाव पडतं पनीएल, देवाचं तोंड. दुसऱ्या दिवशी भावाला तो म्हणतो, तुमचं तोंड पाहिलं ते देवाचं तोंड पाहिल्यासारखं.

'मुख', 'दर्शन', 'चेहरा', 'समोर' असे चार वेगळे शब्द घातले की ही सगळी वीण उसवते. 'तोंड' काही ठिकाणी रांगडं वाटेल, वाटू दे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल १९२४ मध्ये निघालं. साध्या बायाबापड्यांना कळेल अशी मराठी हवी, हाच त्यांचा आग्रह होता. तो मला आजही बरोबर वाटतो.

वसईचा वाचक

खाडीकाठ, हे फार कामाचं आहे, मी 'तोंड'च ठेवतो. अजून एक अडचण. याकोबाने एसावाला 'तू' म्हणायचं की 'आपण'? सख्खा जुळा भाऊ आहे.

अनुस्वार

'आपण'. यात मला अजिबात शंका नाही. हिब्रूत आपल्यासारखं तू-तुम्ही-आपण नाही, पण याकोब भावाला 'अदोनी', माझे धनी, म्हणतो आणि स्वतःला तुमचा दास. सात वेळा जमिनीपर्यंत वाकतो. आता त्यांच्या बापाने, इसहाकाने, आंधळेपणी एसाव समजून याकोबाला दिलेला आशीर्वाद आठवा : तू आपल्या भावांचा धनी हो, तुझ्या आईचे मुलगे तुझ्यापुढे वाकोत. ज्याला हा आशीर्वाद मिळाला तोच वाकतोय, आणि ज्याने वाकायचं तो त्याला उत्तर देतोय 'भाऊ, माझ्याजवळ पुष्कळ आहे, तुझं तुला राहू दे.' एसावाच्या तोंडी 'तू' आणि 'भाऊ', याकोबाच्या तोंडी 'आपण' आणि 'धनी'. मराठीला इथे जे सहज दाखवता येतं ते वाया घालवू नका.

आणि ज्यासाठी मी मुद्दाम परत लिहायला बसले ते हे. हिरावलेल्या दोन गोष्टींची नावं आहेत 'बखोरा' म्हणजे जेठेपण आणि 'ब्राखा' म्हणजे आशीर्वाद. तीच मुळाक्षरं, फक्त अदलाबदल. एसाव ओरडतो तेव्हा दोन्ही एका दमात येतात : बखोरा घेतली, आता ब्राखाही घेतली. इकडे ३३ व्या अध्यायात जनावरांच्या त्या कळपांना याकोब आधी 'मिन्हा' म्हणतो, म्हणजे भेट, नजराणा. एसाव नको म्हणतो. तेव्हा याकोबाचा शब्द बदलतो : 'माझी ब्राखा घ्या.' जे कपटाने नेलं होतं त्याचंच नाव घेऊन तो ते भावाच्या हातात ठेवतोय. आणि एसाव घेतो! इथेही मराठीत 'भेट'च लिहिलं तर वाचकाला वाटतं, चला, शेळ्यामेंढ्या स्वीकारल्या. माझ्या मते 'हा आशीर्वाद घ्या' असंच लिहावं. वाक्य थोडं अडखळेल. याकोबही तिथे अडखळलाच असणार.

खाडीकाठ

ताई, हे वाचून अंगावर काटा आला. आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, मंडळींत १८८० च्या सुमारास मराठी कीर्तनं सुरू झाली, त्यांत या पूर्वजांचीच आख्यानं साकी-दिंडीत गायली जायची. कोकणातल्या श्रोत्याला भावाभावांचं वैर समजावून सांगावं लागत नव्हतं.

पुढच्या पिढीसाठी एक शब्द सुचवतो : 'अबोला'. याकोबाने आपल्या लाडक्या मुलाला, योसेफाला, झगा दिला, तेव्हा भावांबद्दल ३७ व्या अध्यायात लिहिलंय की ते त्याच्याशी 'शालोम'ने बोलू शकेनात. धड बोलेनात. हा अबोलाच. मग खड्डा, वीस रुप्यांना विक्री, मिसर (इजिप्त), दुष्काळ. मिसरात अधिकारी झालेला योसेफ धान्य घ्यायला आलेल्या भावांशी दुभाष्यामार्फत बोलतो, त्यांची भाषा येत असून. शेवटी त्यांच्यातला यहूदा पुढे होतो आणि धाकट्या भावाऐवजी, बन्यामिनाऐवजी, मला गुलाम ठेवा म्हणतो. योसेफाला विकायची कल्पना काढणारा हाच यहूदा. तेव्हा योसेफाला आवरत नाही, तो ओळख देतो, रडतो, आणि ४५ व्या अध्यायात साधं वाक्य येतं : 'त्यानंतर त्याचे भाऊ त्याच्याशी बोलले.' काय बोलले ते दिलेलं नाही. इथे 'अबोला सुटला' लिहा.

वसईचा वाचक

'अबोला सुटला' घेतला. मग हिची तरी दिलजमाई म्हणू का?

अनुस्वार

थांबा, ५० वा अध्याय वाचा. याकोब मिसरात १७ वर्षं राहून वारतो आणि भावांना वाटतं, आता बाप नाही, योसेफ उट्टं काढणार. ते स्वतः येत नाहीत, निरोप पाठवतात : बाबांनी मरण्याआधी सांगितलंय, भावांना क्षमा कर. याकोबाने असं म्हटल्याचा उल्लेख आधी कुठेच नाही. निरोप ऐकून योसेफ पुन्हा रडतो. १७ वर्षं एकत्र जेवूनखाऊन त्यांची भीती गेली नव्हती, हे त्याला तेव्हा कळतं. तिथे हिब्रूत आहे 'तो त्यांच्या काळजाशी बोलला'. 'सांत्वन केले' लिहू नका, ते बाप गेल्याचं वाटेल. 'समजूत घातली' लिहा, आणि त्याच्या आधीचं 'मी तुम्हाला आणि तुमच्या पोराबाळांना पोसीन' हे वाक्य गाळू नका.