आखाजीला गावी कसं जाता? गाडी, रेल्वे की विमान : खान्देशकरांचे अनुभव

आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, जवळ आली की मुंबई-पुण्यातल्या खान्देशी घरांत एकच विषय निघतो, यंदा कसं जायचं? 2024 च्या नोव्हेंबरपासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे फाल्गुन लागला की तिकिटाला बसायलाच हवं. बहुतेक जण भाडं आणि तास मोजून ठरवतात. मला वाटतं, आपल्याकडे खरा प्रश्न उतरल्यानंतरचा आहे. जळगावला उतरून चोपडा, चाळीसगावला उतरून धुळं, नंदुरबारला उतरून तळोदा हा शेवटचा टप्पा कोणत्या वेळी आणि कशानं पार करता, तेही लिहा.

मुलुंडहून, माहेर जळगावजवळ

आमची पसंती रेल्वेलाच. पण संध्याकाळी मुंबईहून सुटणाऱ्या विदर्भ, पंजाब मेल, अमरावती या सगळ्या गाड्या जळगावला मध्यरात्रीनंतर येतात. गाडी पुढे जाणारी, त्यामुळे डबा गाढ झोपलेला असतो आणि जाग आपली आपणच ठेवायची. माझ्या आईनं घालून दिलेला क्रम मी आजही पाळते: चाळीसगाव गेलं की चादरी घड्या करायच्या, पाचोरा गेलं की पोरांच्या पायात चपला आणि सामान दाराशी. थांबा काही मिनिटांचाच असतो. रात्री स्टेशनवर भाऊ घ्यायला येणार असेल तरच ही गाडी घ्या. एकट्या बाईनं दोन पोरं आणि बॅगा घेऊन त्या वेळी रिक्षा शोधत फिरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पोरं लहान होती तेव्हा आम्ही सकाळची गीतांजली धरायचो. दिवस मोडतो, पण दुपारचं जेवण माहेरी होतं आणि पुढच्या गावाची एसटीही उजेडात मिळते.

परतीचं सामान हाही मुद्दा आहे. भरिताची वांगी, कळण्याचं पीठ, पापड, कुरडया, आईनं भरलेलं लोणचं. रेल्वेत ते सीटखाली सरकवलं की झालं. विमानात काट्यावर ठेवावं लागतं.

ठाण्याहून शहाद्याला

आमच्याकडे रेल्वेच नाही, त्यामुळे स्वतःची गाडी. शिरपूर, साक्री, शहादा, तळोदा या लोकांना दुसरा सोयीचा मार्ग नाही हे मुंबईकरांच्या लवकर लक्षात येत नाही. पहाटे चारला निघायचं. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा आमणे ते इगतपुरी हा शेवटचा टप्पा सुरू झाला, तेव्हापासून कसारा घाटातल्या ट्रकच्या रांगेतून सुटका झाली. इगतपुरीला उतरून नाशिक, चांदवड, राहुडचा घाट, मालेगाव, धुळं. मग सोनगीरहून आत वळून दोंडाईचामार्गे घर.

एकच सांगतो, वैशाखात धुळं अकराच्या आत ओलांडा. त्यानंतर डांबर इतकं तापतं की बाटलीतलं पाणी चहासारखं होतं. टायर जुने असतील तर निघण्याआधी बदला आणि हवा सकाळी गार टायरातच तपासा. दुपारच्या उन्हात टायर फुटून कडेला उभ्या गाड्या मी मालेगावच्या पुढे पाहिल्या आहेत.

पुण्याहून जळगावला

विमानाबद्दल लिहितो. जळगाव विमानतळाचं उद्घाटन 2012 मध्ये, आपल्याच जिल्ह्याच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती असताना झालं. नियमित प्रवासी विमान मात्र छोट्या शहरांसाठीच्या उडान योजनेखाली 2017 च्या डिसेंबरात आलं आणि मग सेवा सुरू होणं, बंद पडणं चालूच राहिलं. वडिलांना अचानक दवाखान्यात हलवलं, तेव्हा पुण्याहून विमान मिळालं. पंख्याचं छोटं एटीआर. सकाळी फोन आला आणि त्याच दिवशी मी त्यांच्या उशाशी होतो. त्या दिवशी तिकिटाचा विचारही मनात आला नाही.

पण सणाचा बेत विमानावर बांधू नये. ते रोज असेलच असं नाही, आणि रद्द झालं तर त्या दिवशी रेल्वेचं आरक्षण कुठून मिळणार? पुणेकरांना ऑगस्ट 2025 पासून नागपूरची वंदे भारत आहे, नगर-मनमाडवरून जळगाव, भुसावळला थांबते. बसून जायचं आहे, पण दिवसाउजेडी पोचतो.

पुण्याहूनच, चाळीसगावला

संभाजीनगरवरून गाडीनं येणाऱ्यांनो, पावसाळ्यात कन्नड घाटाची चौकशी करूनच निघा. 31 ऑगस्ट 2021 ला दरड कोसळून घाट बंद पडला होता. त्यानंतर आम्ही पावसात मनमाड-मालेगाववरूनच येतो, लांब पडलं तरी.

धुळ्याहून, निवृत्त

धुळं जिल्ह्याचं ठिकाण, पण रेल्वे म्हणजे चाळीसगावहून आलेला फाटा, आणि धुळ्यातच संपलेला. पिढ्यान् पिढ्या आम्ही चाळीसगावला गाडी बदलली. अवेळी उतरायचं आणि धुळ्याच्या गाडीची वाट बघत फलाटावर बसायचं. 2023 मध्ये धुळ्याहून थेट मुंबईची गाडी सुरू झाली, तेव्हा मी मुद्दाम स्टेशनवर गेलो होतो. ज्यांना तिची वेळ जमते त्यांनी तिनंच यावं. प्रवासी दिसले तरच फेऱ्या टिकतात. मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रानं सप्टेंबर 2024 मध्ये मंजुरी दिली, 309 किलोमीटरचा. तो झाला तर धुळं फाट्यावरचं राहणार नाही. ही मागणी आमच्या वडिलांच्या पिढीपासूनची आहे.

बोरिवलीहून नंदुरबारला

पश्चिम उपनगरातल्यांनी दादर-कल्याणकडे जाऊच नये. भुसावळला जाणारी खान्देश एक्सप्रेस सुरतवरून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जाते. ती रोज नाही. बाकीच्या दिवशी सुरतला उतरून गाडी बदला.

डोंबिवलीहून

सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना अमळनेरला न्यायचं आहे. गाडी करावी की रेल्वे?

मुलुंडहून, वरच्याच ताई

रेल्वेच, ताई. गाडीत इतके तास पाय दुमडून बसवणार नाही त्यांना. तिकीट काढताना ज्येष्ठांच्या कोट्यातून त्यांचं वेगळं काढा. बायकांना तो 45 वर्षांपासून लागू होतो आणि खालचा बर्थ मिळतो. घरातल्या चौघांचं एकाच तिकिटावर काढलंत तर कोटा लागत नाही. तुमचं तिकीट त्याच गाडीचं घ्या आणि डबा शेजारचा आला तरी चालेल. जळगावला उतरलात तर अमळनेरच्या गाडीची वेळ आधी बघून ठेवा. मधे दोन तासांपेक्षा जास्त असतील तर स्टेशनबाहेरून सरळ टॅक्सी करा.