पवित्र आठवड्यात आईला घेऊन ब्रागा (पोर्तुगाल) : राहायचं कुठे, मिरवणूक बघायची कुठून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही वसईचे, मी सध्या नोकरीसाठी जर्मनीत आहे आणि २०२७ च्या मार्चमध्ये आई येतेय माझ्याकडे. ईस्टर २८ मार्चला आहे आणि तिला अख्खा पवित्र आठवडा ब्रागात करायचाय. नातेवाईक म्हणतात फातिमाला ने, ते लिस्बनकडे जाताना होईलच, पण तिच्या मनात ब्रागाच बसलंय. आमच्या फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं की गोव्याचे आर्चबिशप आलेशु द मेनेझिस, म्हणजे ज्यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरची धर्मसभा घेतली ते, पुढे १६१२ मध्ये ब्रागाचे आर्चबिशप झाले. तेव्हापासून ती म्हणतेय की ते शहर एकदा बघायचं. त्यांची काही खूण तिथे बघायला मिळते का, कोणाला माहीत असेल तर नक्की सांगा, तिला फार आनंद होईल.

आता मुख्य अडचण. सगळे सांगतात पोर्तोत राहा, साओ बेंतो स्टेशनवरून लोकल ट्रेनने तासाभरात ब्रागा. एरवी ठीक आहे पण गुरुवारची एक्के होमो (बंदिवान येशूची) मिरवणूक रात्रीची असते, शुक्रवारचीही रात्रीचीच, मग ती संपल्यावर म्हाताऱ्या माणसाला घेऊन ट्रेन पकडायला धावायचं हे मला पटत नाही. म्हणून ते दोन-तीन दिवस तरी ब्रागातच राहावं असं वाटतंय. कॅथेड्रलच्या जवळ जुन्या भागात राहावं की स्टेशनकडे? जुन्या भागात मिरवणुकीच्या दिवशी टॅक्सी दारापर्यंत येते का, की रस्ते बंद असतात?

आईला त्या मिरवणुकीतले फारिकोकू बघायचेच आहेत, काळे झगे, तोंड झाकलेलं, अनवाणी पाय, कोणाच्या हातात जळत्या मशाली तर कोणाच्या हातात लाकडी खडखडे. आमच्याकडेही गुरुवारच्या मिस्सानंतर चर्चची घंटा बंद होते आणि ईस्टरच्या जागरणापर्यंत लाकडाचाच आवाज, त्यामुळे तिला ते आपलंच वाटतंय. पण दोन तास उभं राहणं तिला जमणार नाही. बसायची काही सोय असते का, की एखाद्या कॅफेचं टेबल आधी धरून ठेवता येतं? आणि पाऊस आला तर मिरवणूक रद्द होते ना, त्या भागात मार्चमध्ये पाऊस बऱ्यापैकी असतो म्हणून विचारतोय.

दुसरं म्हणजे बॉम जेझूस, ब्रागाजवळच्या टेकडीवरचं तीर्थस्थान. साडेपाचशेच्या वर पायऱ्या आहेत, खालच्या भागात क्रुसाच्या वाटेची छोटी छोटी चॅपेल, मग पंचेंद्रियांचे झरे, त्याच्या वर श्रद्धा, आशा, प्रीती यांच्या पायऱ्या. हे सगळं चढून करण्यातच अर्थ आहे असं आईचं म्हणणं आणि मला तिच्या गुडघ्याची काळजी. बाजूला १८८२ सालची फ्युनिक्युलर (उतारावर दोराने चालणारी रेल्वे) आहे जी अजूनही पाण्याच्या वजनावर चालते, वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरतात, तो जड होऊन खाली येतो आणि खालच्याला वर ओढतो. माझा विचार असा की तिने फ्युनिक्युलरने वर जावं, आणि वरून फक्त झऱ्यांपर्यंत हळूहळू उतरून परत वर यावं. हे जमण्यासारखं आहे का? तिथे कठडा धरून उतरता येतं का आणि मध्ये टेकायला जागा आहे का? शहरातून २ नंबरची बस जाते हे माहीत आहे, पण गुड फ्रायडेला ती किती चालते?

कॅथेड्रलची चिंता नाही, १०८९ चं आहे, म्हणजे पोर्तुगालच्या राज्याहूनही जुनं, ते निवांत बघू. फक्त पवित्र आठवड्यात राजांचं चॅपेल आणि खजिन्याचं म्युझियम उघडं असतं का? ब्राझीलच्या पहिल्या मिस्साचा, १५०० सालचा, लोखंडी क्रूस तिथेच आहे.

जेवणाचं, आई उपवासकाळात मटण-चिकन काही खात नाही, मासे चालतात, म्हणजे बाकल्यावने (खारवलेल्या कॉड माशाने) भागेल. काल्दू व्हेर्द सूपमध्ये सॉसेजचा तुकडा टाकतात तेवढं आधी सांगावं लागेल. ते पोर्तुगीजमध्ये कसं सांगायचं कोणी लिहून दिलंत तर उपकार होतील.

आईचं वय ६८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, सपाट रस्त्यावर अर्धा तास आरामात चालते. हॉटेल या महिन्यातच बुक करणार आहे, तेव्हा राहण्याबद्दलचं उत्तर आधी दिलंत तर बरं, बाकीचं सवडीने सांगा.