व्हिटॅमिन डीच्या ओव्हरडोसनं पप्पांचं क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) वाढलंय, खाली येतं का?

सातरस्ता_पोरगा:
पप्पा ६४ वर्षांचे. गुडघ्यासाठी ६०,००० युनिटची डी३ आठवड्याला एक अशी लिहून दिलेली, पण बरं वाटायलंय म्हणून ते मेडिकलवरनं आणून रोज एक खात होते, वर कॅल्शियमची गोळी वेगळी, घरात कुणाला पत्ताच नाही. उन्हाळ्यात उलट्या, पोट साफ नाही, सारखी लघवी, तोंडाला कोरड, आम्हाला वाटलं सोलापूरचं ऊन, दुसरं काय. तपासलं तर कॅल्शियम १३.४, क्रिएटिनिन २.९, डी १५० च्या वर. ॲडमिट करून सलाईन लावलं, आता क्रिएटिनिन २.१. डायलिसिस लागंल का हो? पाहुणे लई घाबरवायलेत.

बाळीवेसकर:
कुळथाचं पाणी द्या रोज सकाळी. आमच्या मामाचा खडा पडला त्यानं.

होटगीरोड_७७:
मामाचा खडा वेगळा, हे वेगळं, कुळीथबिळीथ आत्ता काय देऊ नका. मी डायलिसिस टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही, पण असे पेशंट बघितलेत. डी चरबीत साठतं, गोळी बंद केली तरी कित्येक आठवडे, कधी महिने अंगात राहतं, म्हणून कॅल्शियम परत चढू शकतं, तपासणी चुकवू नका. कॅल्शियम वाढलं की किडनीच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि लघवीवाटे पाणी निघून जातं, माणूस आतनं सुकतो, त्यात आपल्याकडचं ४२-४३ डिग्री. २.९ चं २.१ झालं ही चांगली खूण आहे, बऱ्याच जणांचं अजून उतरतं पण सावकाश, महिने लागतात. पूर्ण पहिल्यासारखं होईलच असं नाही, किडनीत कॅल्शियम साठलं असेल तर थोडं नुकसान राहू शकतं. बीपीची गोळी कुठली चालू आहे? आणि गुडघ्याला डायक्लोफिनॅक (दुखण्याची गोळी) अजिबात नको.

सातरस्ता_पोरगा:
टेल्मिसार्टन एच लिहिलंय पाकिटावर. दूध बंद केलंय, नाचणीची भाकरी पण बंद करू का?

होटगीरोड_७७:
ते एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, त्यानं लघवीतनं कॅल्शियम कमी जातं, रक्तात वाढतं. तुमच्या मनानं बंद करू नका, आजच डॉक्टरांना फोन करून विचारा. नाचणी, तीळ सध्या नको, ज्वारीची भाकरी आहेच की आपली. पाणी किती प्यायचं तेपण त्यांनाच विचारा.

जुळे_सोलापूर_ताई:
व्हिटॅमिन सीच्या गोळ्या पण खातात का बघा दादा. रोज हजार-दोन हजार मिलिग्रॅम खाल्लं की ऑक्झलेट (ज्याचे खडे होतात तो क्षार) वाढतं, तेपण किडनीत बसतं. आमच्याकडं कोरोनात चॉकलेटसारखं चघळायचे सगळे.

सातरस्ता_पोरगा:
आत्ताच उशाखालचा डबा उघडला ताई, सीची पण बाटली निघाली. उद्या सगळंच घेऊन जातो डॉक्टरांकडं.